ड्रोन सर्व्हे: सेंटिमीटर नेमके कुठे निसटतात

ड्रोन उडवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं अंग. फ्लाइट प्लॅन टाकला की यंत्र आपलं आपण रेघा मारत फिरतं, फोटो काढतं आणि परत येऊन उतरतं. ते फोटो सॉफ्टवेअरमध्ये घातले की रात्रीतून छानसा ऑर्थोमोझॅक, म्हणजे सगळे फोटो जोडून केलेला नकाशा, तयार. अडचण अशी, की हा नकाशा जागेवरून दीड मीटर सरकलेला असला किंवा मध्यभागी वीस सेंटिमीटर फुगलेला असला, तरी दिसायला तितकाच देखणा असतो. चूक डोळ्यांना दिसत नाही. ती नंतर टोटल स्टेशन (कोन-अंतर मोजायचं यंत्र) लावणाऱ्याला किंवा मातीच्या घनमीटरचं बिल काढणाऱ्याला सापडते, आणि तोवर साइटवरची माती हललेली असते.

म्हणून कोणता ड्रोन घ्यावा यावर इथे काही लिहीत नाही. उड्डाणाआधी, उड्डाणात आणि नंतर संगणकावर सेंटिमीटर कुठे कुठे गळतात आणि ते कसे अडवायचे, एवढंच.

आधी पिक्सेलचा हिशोब

फोटोतला एक पिक्सेल जमिनीवर किती जागा व्यापतो, त्याला जीएसडी म्हणतात. सेन्सरवरच्या पिक्सेलचा आकार गुणिले उंची, भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, इतकाच हिशोब. ४/३ सेन्सरचा २० मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. पिक्सेल ३.३ मायक्रॉनचा, फोकल लेंग्थ १२.३ मिमी, फोटो ५२८० × ३९५६ पिक्सेलचा. १०० मीटर उंचीवर जीएसडी येतो सुमारे २.७ सेंमी, आणि एका फोटोत जमीन मावते साधारण १४२ मीटर रुंद आणि १०६ मीटर लांब.

पुढचं सगळं याच आकड्यांवर चालतं. उडण्याच्या दिशेने ८० टक्के ओव्हरलॅप हवा असेल तर दर २१ मीटरला एक फोटो. बाजूला ७० टक्के हवा असेल तर दोन रेघांमध्ये ४२-४३ मीटर अंतर. एक चौरस किलोमीटर सपाट जागेला अशा २५ रेघा लागतात, एका रेघेत ४८ च्या आसपास फोटो, म्हणजे एकूण १२०० फोटो. सेकंदाला १० मीटर वेगाने २५ किलोमीटर उडायला ४२ मिनिटं, वळणं धरून पन्नास. एका बॅटरीतून कामाची वीस मिनिटं मिळतात असं धरलं तर तीन बॅटऱ्या, आणि चौथी खिशात असलेली बरी.

जीएसडी २.७ सेंमी म्हणजे अचूकता २.७ सेंमी, असं मात्र नाही. सगळं काम नीट झालं असेल तर आडवी अचूकता जीएसडीच्या एक ते दोन पट आणि उंचीची दीड ते तीन पट मिळते. म्हणजे १०० मीटरवरून उंचीत ४ ते ८ सेंमी धरून चालायचं. अर्ध्या मीटरच्या कंटूरला (समान उंचीच्या रेषांना) हे भरपूर झालं. काँक्रीटच्या स्लॅबचा उतार तपासायला याचा काडीचा उपयोग नाही, तिथे ऑटो लेव्हल हे उंची मोजायचं यंत्रच काढा. काम घेण्याआधी हा प्रश्न विचारला जात नाही आणि नंतर सगळी भांडणं याच्यावरूनच होतात.

वेग आणि शटर यांचंही गणित याच जातीचं. सेकंदाला १० मीटर वेग आणि शटर १/५०० असेल तर शटर उघडं असेपर्यंत ड्रोन २ सेंमी पुढे गेलेला असतो, म्हणजे पाऊण पिक्सेल फराटा. शटर १/१००० केलं की तो १ सेंमीवर येतो. फराटा अर्ध्या पिक्सेलच्या आत ठेवायचा हा साधा नियम. प्रकाश कमी असेल तर आयएसओ चढवण्याआधी वेग कमी करा, दाणेदार फोटोत टाय पॉइंट (अनेक फोटोंत ओळखू येणारे सामाईक बिंदू) कमी सापडतात.

शटरचा प्रकार याहून महत्त्वाचा. रोलिंग शटरमध्ये सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचला जातो. त्याला ३० मिलिसेकंद लागत असतील, तर १० मीटर वेगाने पहिल्या आणि शेवटच्या ओळीत ३० सेंमीचं अंतर पडतं. फोटो धूसर होत नाही, शेपटीकडे ताणला जातो, म्हणून बघून कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये याची दुरुस्ती असते, पण ती अंदाज बांधून केलेली दुरुस्ती. मोजणीसाठी मेकॅनिकल किंवा ग्लोबल शटर असलेला कॅमेरा घ्या.

बाकी सेटिंग पटकन सांगतो: फोकस अनंतावर लॉक, व्हाइट बॅलन्स ऑटो नको, कॅमेऱ्यातली डिस्टॉर्शन करेक्शन बंद. शेवटचं लोक विसरतात. कॅमेऱ्याने आधीच सरळ केलेला फोटो सॉफ्टवेअर पुन्हा सरळ करायला जातं आणि लेन्सचं मॉडेल बिघडतं.

उताराची जागा असेल तर टेरेन फॉलो (जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची बदलत उडणं) लावल्याशिवाय उडू नका. वरचाच प्लॅन घेऊन टेक-ऑफच्या जागेपासून १०० मीटरवर उडालात आणि वाटेत ४० मीटरची टेकडी आली, तर माथ्यावर उंची उरते ६० मीटर. फोटोत मावणारी जागा ६० टक्क्यांवर येते, पण फोटोंमधलं अंतर तेच राहतं. पुढचा ओव्हरलॅप ८० वरून ६७ टक्क्यांवर आणि बाजूचा ७० वरून ५० टक्क्यांवर घसरतो. माथ्यावर झाडं असली तर नेमकं तिथेच मॉडेलला भोक पडतं.

बेस चुकला की सगळंच चुकलं

आता मुख्य गोष्ट. साधा जीपीएस असलेला ड्रोन फोटोची जागा काही मीटरच्या फरकाने लिहितो. आरटीके किंवा पीपीके, म्हणजे जमिनीवरच्या स्थिर रिसीव्हरच्या (बेसच्या) मदतीने उड्डाणातच किंवा नंतर केलेली दुरुस्ती, लावलं की तोच फरक दोन-तीन सेंटिमीटरवर येतो. यंत्राच्या माहितीपत्रकात साधारण १ सेंमी अधिक १ पीपीएम आडवी आणि १.५ सेंमी अधिक १ पीपीएम उभी अचूकता लिहिलेली असते. एक पीपीएम म्हणजे बेसपासून दर किलोमीटरला एक मिलिमीटर. म्हणून बेस साइटवर किंवा जवळपासच ठेवायचा.

पण ही अचूकता बेसच्या सापेक्ष आहे, हे माहितीपत्रक मोठ्या अक्षरात सांगत नाही. बेस ट्रायपॉडवर ठेवला, चालू केला, त्याने स्वतःच काढलेलं स्थान स्वीकारलं आणि उड्डाण केलं, तर सगळे फोटो एकमेकांशी दोन सेंटिमीटरात जुळतील आणि सगळेच्या सगळे जमिनीवर एक ते तीन मीटर सरकलेले असतील. स्क्रीनवर 'फिक्स' (स्थान पक्कं सुटल्याची खूण) हिरवं दिसत असतं. दुसऱ्या दिवशी बेस पुन्हा चालू केला की तो वेगळं स्थान घेतो, आणि दोन दिवसांचे तुकडे एकमेकांवर बसत नाहीत.

उपाय दोन. साइटवर मान्य कंट्रोल पॉइंट (आधीच अचूक मोजलेल्या खुणा) असतील तर बेस त्यावर लावा आणि त्याचे कोऑर्डिनेट हाताने भरा. नसतील तर काँक्रीटमध्ये खिळा ठोका, त्यावर बेस लावून चार-सहा तासांची स्टॅटिक नोंद घ्या, रायनेक्स फाइल (कच्च्या नोंदीचा सर्वमान्य प्रकार) काढा आणि बेसचं नेमकं स्थान काढून देणाऱ्या पीपीपी किंवा तशाच ऑनलाइन सेवेला द्या. कॅनडाच्या सरकारी खात्याची सीएसआरएस-पीपीपी आणि ऑस्ट्रेलियाची ऑसपॉस या सेवा जगभरच्या फाइली फुकट सोडवून देतात. त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबायची गरज नसते, उड्डाण करून घ्या आणि प्रोसेसिंगच्या वेळी बेसचं खरं स्थान घाला. तो खिळा मात्र जपा. पुढच्या प्रत्येक भेटीला बेस त्याच खिळ्यावर लागला पाहिजे.

पीपीपीच्या उत्तरात आयटीआरएफ (कोऑर्डिनेटची जागतिक चौकट) आणि एक तारीख असते. ती तारीख शोभेची नाही. भूखंड सरकतात, काही ठिकाणी वर्षाला पाच-सात सेंटिमीटर. दहा वर्षांपूर्वीच्या तारखेला बांधलेल्या कंट्रोलवर आजचे कोऑर्डिनेट बसवायला गेलात तर अर्धा मीटर फरक सहज येतो, आणि चूक कुणाचीच नसते.

अँटेनाची उंची हा दुसरा जुना शत्रू. टेपने तिरकी मोजली आणि उभी म्हणून भरली, किंवा अँटेनाच्या बुडापर्यंत मोजली आणि कंट्रोलरमध्ये 'फेज सेंटर' (अँटेनात सिग्नल जिथे मोजला जातो तो बिंदू) निवडलं, की तेवढे सेंटिमीटर थेट नकाशाच्या उंचीत उतरतात. मोजलेल्या टेपचा आणि ट्रायपॉडचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. फील्ड बुकातला आकडा ४ आहे की ९, असा वाद असा एक फोटो मिटवतो.

आरटीके की पीपीके? माझा कल पीपीकेकडे आहे. आरटीकेत ड्रोनला उड्डाणभर दुरुस्तीचा सिग्नल लागतो. टेकडीमागे गेला, नेटवर्क गेलं की 'फिक्स' जाऊन 'फ्लोट' (अर्धवट सुटलेलं स्थान) येतं आणि ते फोटो काही डेसिमीटरने भरकटतात. पीपीकेत बेस आणि ड्रोन दोघंही कच्ची नोंद ठेवतात आणि हिशोब नंतर होतो, पुढून मागे आणि मागून पुढे असा दोन्हीकडून, त्यामुळे मधला खंड भरून निघतो. अट एकच: बेसची नोंद दर सेकंदाला एक आणि पूर्ण उड्डाण झाकणारी हवी. बेस पंधरा मिनिटं आधी चालू करा, उतरल्यावर पाच-दहा मिनिटांनी बंद करा. आरटीके वापरलंत तरी कच्ची नोंद चालू ठेवाच, ती विम्यासारखी कामाला येते.

डीजेआयच्या आरटीके ड्रोनच्या फोटोत एक्सएमपी माहितीत (फोटोसोबत साठवलेल्या नोंदींत) आरटीके-फ्लॅग नावाची नोंद असते. ५० म्हणजे फिक्स, ३४ म्हणजे फ्लोट, १६ म्हणजे साधं जीपीएस. घरी येऊन प्रोसेसिंग लावण्याआधी, साइटवरच लॅपटॉपवर ही यादी चाळा. १२०० फोटोंत वीस-पंचवीस फ्लोट निघाले तर चालतं, त्यांची अचूकता प्रोसेसिंगमध्ये सैल करायची. एक आख्खी रेघ फ्लोट असेल तर ती पुन्हा उडा.

बाहेरून पीपीके किट बसवलं असेल तर आणखी दोन गोष्टी: अँटेना आणि लेन्सचं केंद्र यांतलं अंतर मिलिमीटरपर्यंत मोजलेलं हवं, आणि शटर उघडल्याची वेळ हॉट-शूमधून (कॅमेऱ्याच्या फ्लॅश-जोडणीतून) थेट नोंदलेली हवी. 'फोटो काढ' असा हुकूम गेल्याची वेळ आणि शटर खरंच उघडल्याची वेळ यांत १/१०० सेकंदाचा फरक असला तरी १० मीटर वेगाला ते १० सेंमी होतात. गंमत म्हणजे जाताना १० सेंमी पुढे आणि येताना १० सेंमी उलट्या बाजूला, म्हणून सरासरी शून्य दिसते आणि मॉडेल उगाचच अस्वस्थ असतं.

जमिनीवरच्या खुणा

आरटीके आहे म्हणजे जीसीपी (जमिनीवर मोजून ठेवलेल्या खुणा) नकोत, असं विक्रेते सांगतात. त्यात अर्धं सत्य आहे. साध्या जीपीएसच्या ड्रोनला चौरस किलोमीटरला दहा-पंधरा जीसीपी लागतात. आरटीकेला चार-पाच पुरतात. शून्य मात्र पुरत नाहीत, त्याचं कारण पुढे येतंच.

मांडणी कडेने आणि मध्ये, सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल जागी एकेक. सगळ्या खुणा रस्त्याच्या कडेने एका रेषेत लावल्या तर रस्त्याला काटकोनात मॉडेल झोके घेऊ शकतं. ती चूक फार दिसते, कारण रस्त्यावरून चालायला सोपं जातं.

खूण म्हणून ५०-६० सेंमीचा काळा-पांढरा चेकरबोर्ड उत्तम. २.७ सेंमी जीएसडीला तो वीसेक पिक्सेल भरतो, मध्यबिंदू नेमका पकडता येतो. चुन्याची फुली किंवा रंगाचा इंग्रजी एल आकाराचा कोपरा टाळावा. कडक उन्हात पांढरा रंग फोटोत शेजारच्या गडद भागावर सांडतो. एलचा कोपरा त्यामुळे बाहेर सरकतो. चेकरबोर्डच्या मध्यावर मात्र पांढरं समोरासमोरच्या दोन्ही चौकोनांतून सारखंच सांडतं आणि केंद्र जागच्या जागी राहतं. चकचकीत फ्लेक्स नको, मॅट कापड हवं. कोपऱ्यांना खिळे किंवा दगड. आणि फळी वापरली तर तिची जाडी लक्षात घ्या: रोव्हरचं (पोलवर लावलेल्या फिरत्या जीपीएस रिसीव्हरचं) टोक फळीवर टेकवून मोजलं की बाजूच्या जमिनीवर, हे ठरलेलं हवं. दीड-दोन सेंटिमीटर इथेच जातात.

मोजताना रोव्हरचा पोल हातात धरून नाही, बाइपॉडवर. दोन मीटरचा पोल एक अंश कलला तरी खालचं टोक आणि वरची अँटेना यांत ३.५ सेंमी फरक पडतो. पोलचा बबल वर्षानुवर्षे तपासलेला नसतो. भिंतीच्या कोपऱ्यात पोल उभा करून तो स्वतःभोवती १८० अंश फिरवा, बबल मध्यावरून हलला तर तो आधी दुरुस्त करायचा. प्रत्येक खूण दोनदा मोजा, मध्ये तासाभराचं अंतर ठेवून, म्हणजे उपग्रहांची मांडणी बदललेली असते. दोन मोजण्यांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. झाडाखाली, पत्र्याच्या शेडजवळ किंवा उभ्या ट्रकच्या शेजारी खूण लावायचीच नाही. सिग्नल पत्र्यावर आपटून येतो आणि रोव्हर खुशाल 'फिक्स' दाखवत चुकीचं स्थान देतो.

साइटवर आधीचे कंट्रोल पॉइंट असतील तर उडण्याआधी त्यातले तीन-चार आपल्या रोव्हरने मोजून दिलेल्या यादीशी ताडून बघा. बांधकामाच्या जागी बहुतेकदा स्थानिक ग्रिड असतं, आणि ठेकेदाराचा रोव्हर एका लोकलायझेशनवर (जीपीएसचं स्थान त्या ग्रिडवर बसवणाऱ्या हिशोबावर) चाललेला असतो. यूटीएम या जागतिक नकाशा-ग्रिडमध्ये मध्यवर्ती रेखावृत्तावर प्रमाण ०.९९९६ असतं, म्हणजे जमिनीवरचं एक किलोमीटर ग्रिडवर ९९९.६ मीटर भरतं. ४० सेंमीचा फरक! समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवर असाल तर त्यात किलोमीटरला आणखी ९ सेंमी. टोटल स्टेशनने जमिनीवर मोजणाऱ्या माणसाला तुमचा नकाशा आखूड वाटणारच. कोण कुठल्या ग्रिडवर काम करतंय, हे पहिल्या दिवशी कागदावर घ्या.

फुगलेलं मॉडेल

प्रोसेसिंगमध्ये सॉफ्टवेअर दोन गोष्टी एकाच वेळी शोधत असतं: प्रत्येक फोटो कुठून काढला आणि लेन्स नेमकी कशी आहे. सगळे फोटो सरळ खाली बघणारे, समांतर रेघांतले, एकाच उंचीवरचे असतील तर या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. लेन्सच्या विकृतीचा अंदाज जरा चुकला की सॉफ्टवेअर ती चूक जमीन वाकवून पचवतं. सपाट मैदान मध्ये घुमटासारखं वर येतं किंवा बशीसारखं खोल जातं. कडेला लावलेल्या जीसीपींवर सगळं जुळलेलं दिसतं, मधे कुणी बघितलेलंच नसतं. मध्यभागी एक तरी खूण हवी, ती यासाठी.

आरटीके हा घुमट बराच आवरतं, कारण प्रत्येक फोटोची जागा खिळलेली असते. पण मग चूक फोकल लेंग्थमध्ये जाऊन बसते. आपल्या कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ पिक्सेलमध्ये सुमारे ३७२५. ती दोन पिक्सेलने चुकली तर १०० मीटर उंचीवर सगळी जमीन ५ सेंमी वर किंवा खाली जाते. अख्खी, एकसारखी. नकाशा आडवा अचूक, मॉडेल सपाट, आणि उंची पाच सेंटिमीटर खोटी. जीसीपी शून्य चालत नाहीत त्याचं हे कारण. एक चांगली खूणसुद्धा ही चूक उघडी पाडते.

उड्डाणातला इलाज असा: मुख्य रेघांना काटकोनात काही आडव्या रेघा मारा, शक्यतो १५-२० टक्के वेगळ्या उंचीवर, आणि कॅमेरा सरळ खाली न ठेवता १५-२० अंश तिरका करून काही फोटो घ्या. बॅटरी थोडी जास्त जाते, पण लेन्सचं गणित सुटतं. मध्येच फोकस बदलला किंवा ड्रोन बदलला तर ते फोटो वेगळ्या कॅमेरा गटात टाका, एकाच लेन्सचे म्हणून सोडवू नका.

सॉफ्टवेअरमधली एक जागा खास सांगतो. मेटाशेप या प्रोसेसिंग सॉफ्टवेअरमध्ये फोटोच्या स्थानाची अचूकता मुळात १० मीटर धरलेली असते. आरटीकेचे फोटो टाकून हा आकडा तसाच ठेवला तर सॉफ्टवेअर तुमच्या दोन सेंटिमीटरच्या मेहनतीला साध्या जीपीएसइतकीच किंमत देतं. तिथे आडवे ०.०२ आणि उभे ०.०३ ते ०.०५ मीटर भरा, किंवा फोटोच्या माहितीतून प्रत्येकाचा आकडा वाचायला सांगा. उलट बाजूनेही लोक घसरतात: सगळ्याची अचूकता १ मिलिमीटर भरतात. मग मॉडेलला श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि एखादी चुकीची खूण आख्खा कोपरा ओढून नेते. जेवढं मोजलंय तेवढंच लिहा.

क्रम साधारण असा: फोटो अलाइन, मग कमकुवत टाय पॉइंट काढून टाकणं, जीसीपी प्रत्येकी आठ-दहा फोटोंत टिचकीने नेमून देणं, कॅमेरा ऑप्टिमाइझ, मग डेन्स क्लाउड (दाट बिंदूंचं मॉडेल), त्यातून डीएसएम (पृष्ठभागाच्या उंचीचं मॉडेल), त्यावरून ऑर्थो. रिप्रोजेक्शन एरर अर्ध्या पिक्सेलच्या आसपास आला म्हणून खूश होऊ नका. तो मॉडेल स्वतःशी किती जुळतं ते सांगतो. जमिनीशी जुळतं का, हे त्याला ठाऊक नसतं. पैसे मोजायचे नसतील तर ओपनड्रोनमॅपवर हेच सगळं होतं, नकाशाचं काम क्यूजीआयएसमध्ये आणि पॉइंट क्लाउडचं क्लाउडकम्पेअरमध्ये.

उंची कशापासूनची?

जीएनएसएस (जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा) देतं ती उंची लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची. पाणी त्या उंचीने वाहत नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची हवी तर त्यातून जिओइडचं (सरासरी समुद्रपातळीच्या पृष्ठभागाचं) अंतर वजा करावं लागतं, आणि हे अंतर पृथ्वीवर कुठे उणे १०० मीटरच्याही खाली, तर कुठे अधिक ८० च्या वर जातं. आकडा उणे असेल तिथे समुद्रकिनाऱ्यावर उभं राहूनही यंत्र साठ-सत्तर मीटर उणे उंची दाखवतं आणि नवखा माणूस घाबरतो.

मोठी चूक पकडली जाते. छोटी निसटते. रोव्हरमध्ये ईजीएम९६ आणि प्रोसेसिंगमध्ये ईजीएम२००८ अशी दोन वेगळी जिओइड मॉडेलं आली तर फरक काही डेसिमीटरचा असू शकतो, आणि तो बरोबरच्या उंचीसारखा दिसतो. माझी पद्धत: फोटो, बेस, जीसीपी सगळं शेवटपर्यंत लंबगोलाच्या उंचीतच चालवायचं, आणि जिओइड एकदाच, अगदी शेवटी लावायचा. कालवा, गटार, धरण असं पाण्याचं काम असेल तर त्याहीपुढे जाऊन जागेवरच्या लेव्हलिंगच्या बेंचमार्कशी दोन-तीन ठिकाणी ताडून घ्यायचं. जागतिक जिओइड मॉडेल स्थानिक बेंचमार्कला जुळेलच याची हमी नसते.

चेकपॉइंट, आणि आरएमएसईच्या मागे लपलेली चूक

जीसीपीवरचा फरक म्हणजे अचूकता नव्हे. मॉडेल त्या खुणांवरच ओढून बसवलेलं आहे, ते तिथे जुळणारच. अहवालात 'जीसीपी एरर ८ मिमी' असं छापून देणं म्हणजे स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासणं. तपासणीसाठी वेगळे बिंदू मोजायचे आणि ते सॉफ्टवेअरला शिकवायचे नाहीत. अमेरिकेच्या एएसपीआरएस संस्थेच्या २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीतल्या मानकात किमान ३० चेकपॉइंट मागितलेत. छोट्या साइटवर तितके जमत नाहीत, पण पाच-सहा खुणांवर समाधान मानणंही बरं नाही. चेकपॉइंटला दरवेळी कापड पसरावं लागत नाही. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याचा कोपरा, चेंबरचं झाकण, आणि नुसत्या उंचीसाठी तर उघड्या कडक जमिनीवरचा कुठलाही बिंदू चालतो.

आणि नुसता आरएमएसई (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) बघू नका. पाच बिंदूंवर उंचीतला फरक सेंटिमीटरमध्ये असा आला समजा: +२.१, +२.८, +१.९, +३.०, +२.४. आरएमएसई २.४७. दुसऱ्या साइटवर: +२.६, −२.९, +१.८, −२.२, +२.७. आरएमएसई इथेही २.४७. अहवालात दोन्ही कामं सारखीच दिसतात. पण दुसऱ्यात वर-खाली होणारी किरकोळ थरथर आहे, सरासरी जेमतेम ०.४. पहिल्यात अख्खं मॉडेल २.४ सेंमी वर बसलंय. एक हेक्टरवर एक सेंटिमीटर म्हणजे १०० घनमीटर. दुसऱ्या साइटवर घनफळ काढताना थरथर बरीचशी एकमेकींना खाऊन टाकते. पहिल्या साइटवर प्रत्येक हेक्टरला २४० घनमीटर माती कागदावर जास्तीची येते, आणि कुणीतरी तिचे पैसे देतं. म्हणून सरासरी आणि प्रत्यक्ष फरकांची चिन्हं, दोन्ही अहवालात हवीत. सगळी चिन्हं एकाच बाजूची दिसली तर अँटेनाची उंची, फोकल लेंग्थ आणि जिओइड या तिघांची चौकशी आधी करा, याच क्रमाने.

ड्रोनला न दिसणारी जमीन

कॅमेऱ्याला गवताचा शेंडा दिसतो, मुळं दिसत नाहीत. गुडघाभर गवत असेल तर तुमची 'जमीन' चाळीस सेंटिमीटर वर आहे, आणि कुठलाही फिल्टर तिला पूर्ण खाली आणत नाही, कारण खालचा बिंदूच नाही. क्लाउडकम्पेअरमधला कापड पसरणारा सीएसएफ फिल्टर इमारती आणि सुटी झाडं छान काढतो, सलग गवतापुढे हात टेकतो. दाट झाडीला लायडार (लेसर किरणांनी मोजणारं यंत्र) लागतो, त्याचे काही किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. पण लायडारही सलग गवत आणि उभ्या पिकात फसतो, शिवाय आयएमयूचं (कल आणि हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचं) कॅलिब्रेशन आणि पट्ट्या एकमेकींवर बसवणं हा वेगळा उद्योग मागे लागतो. साधा उपाय म्हणजे अशा पट्ट्यात रोव्हर घेऊन चालणं आणि ते बिंदू डीटीएममध्ये (उघड्या जमिनीच्या उंचीच्या मॉडेलमध्ये) मिसळणं. कमीपणा वाटायचं कारण नाही.

हद्दीच्या बाबतीत तर जास्तच सावध राहावं. ऑर्थोवर कुंपण दिसतं, हद्द दिसत नाही. छताची कड दिसते, भिंत अर्धा-पाऊण मीटर आत असते. झाडाखालचा दगड दिसतच नाही. साध्या ऑर्थोत उंच इमारतींच्या कडा वितळल्यासारख्या होतात, त्यावर रेघ मारून क्षेत्रफळ काढू नये. पाणी, काच, वाऱ्यात हलणारं पीक यांवर टाय पॉइंट टिकत नाहीत. तिथे मॉडेलमध्ये खड्डे-उंचवटे दिसले तर ते खरे धरून कंटूर काढू नका, तो भाग कापून टाका.

एकाच जागेचं महिन्यामहिन्याने घनफळ काढायचं असेल तर बेस, खुणा, उंची, ओव्हरलॅप आणि प्रोसेसिंगची सेटिंग तीच ठेवा. दोन डीएसएमची वजाबाकी केल्यावर आधी ढिगाकडे बघू नका. जिथे काहीच बदललेलं नाही तिथे बघा: डांबरी रस्ता, वजनकाटा, ऑफिसची गच्ची. रस्त्यावर सरासरी ४ सेंमी फरक दिसत असेल तर ढिगातल्या फरकातही ते ४ सेंमी मिसळलेले आहेत. रस्ता शून्यावर आणून मग ढीग मोजणं हा झटपट मार्ग आहे, आणि फरक सगळीकडे सारखा असेल तर तो चालतोही. पण रस्त्याच्या एका टोकाला ४ आणि दुसऱ्या टोकाला उणे २ असेल तर मॉडेल कललंय किंवा वाकलंय. मग नुसतं वर-खाली सरकवून भागत नाही, जीसीपींची यादी उघडून पुन्हा ऑप्टिमाइझ करायला बसावं लागतं.